नवव्या प्रश्नाला ‘रोज’ म्हणणाऱ्यांच्या घरी जाण्याबाबत

प्रति,
मा. सदस्य सचिव,
नीतितत्त्व समिती,
युवामन संशोधन प्रतिष्ठान,
पुणे.

अर्जदार : कु. सुकन्या जोतीराम भापकर, वय २८, रा. लोणी भापकर, ता. बारामती, जि. पुणे
(माजी क्षेत्र सहायक, बारामती-इंदापूर विभाग)

विषय : सहभागी क्र. ४१७ हिला अभ्यासातून वगळल्याचा निर्णय मागे घेण्याबाबत, तसेच जूनपासून बंद पडलेल्या घरभेटी तातडीने सुरू करण्याबाबत. (अर्ज चौथा)

संदर्भ : १) आपले खुलासा मागणारे पत्र, दि. ९ मे २०२५
२) आपले कामावरून कमी केल्याचे पत्र, दि. १६ जून २०२५
३) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज, जे परत आले

महोदय,

अर्जदार हा अर्ज चौथ्यांदा लिहीत आहे. पहिला अर्ज ‘मी’ असा लिहिला होता. आपल्या नमुन्यात ‘अर्जदार’ असेच लिहावे लागते म्हणून तो परत आला. दुसऱ्यात सहभागीचे नाव तिच्या लेखी संमतीवाचून आले म्हणून परत आला. तिसऱ्याला संमती जोडली, तर त्या संमतीवर त्या भागाच्या क्षेत्र सहायकाची साक्ष हवी असे कळवण्यात आले. त्या भागाची क्षेत्र सहायक अर्जदारच होती आणि तिला आपण कमी केले आहे. म्हणून या खेपेस साक्षीदार म्हणून सहभागीच्या आईने सही केली आहे. ती चालत नसल्यास अर्ज परत न धाडता तसाच वाचावा, ही पहिली विनंती.

‘त्या दिवशी नेमके काय बोलणे झाले ते शब्दशः कळवावे’ असे समितीने विचारले होते. ते जसे झाले तसे खाली दिले आहे. बोलणे गावाकडचे आहे, ते शुद्ध करून लिहिलेले नाही.

१. प्रतिष्ठानने जुलै २०२३ मध्ये बारामती व इंदापूर तालुक्यांतील पंधरा ते बावीस वयाच्या मुलामुलींच्या मनःस्वास्थ्याचा तीन वर्षांचा अभ्यास सुरू केला. अर्जदाराकडे चौदा गावांतले साठ जण होते. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाच्या घरी जायचे, टॅबवरचे बेचाळीस प्रश्न वाचून दाखवायचे, उत्तरे नोंदवायची, आभार मानायचे आणि निघायचे. सल्ला द्यायचा नाही, धीर द्यायचा नाही, पाण्याखेरीज काही घ्यायचे नाही. हा अभ्यास निरीक्षणाचा आहे, आपण काठावर उभे राहून पाणी मोजायचे, पाण्यात उतरायचे नाही, असे प्रशिक्षणात सांगितले होते. अर्जदाराने ते वहीत उतरवून घेतले होते आणि पावणेदोन वर्षे पाळले.

पहिल्या फेरीत मुले हसायची. ‘गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटले?’ असे विचारले की शेजारी बसलेल्या भावंडाकडे बघून फिदीफिदी हसायची आणि ‘अजिबात नाही’ म्हणून मोकळी व्हायची. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत ते हसणे गेले. माळेगाव बुद्रुकचा एक मुलगा अर्जदाराची स्कूटी दिसली की आईला काही ना काही काम काढून बाहेर धाडायचा, म्हणजे घर मोकळे व्हायचे. इंदापूर तालुक्यातली एक मुलगी एकदा म्हणाली, ‘ताई, आमाला असलं कुणी इचारतच न्हाय. जेवलीस का आन पेपर कसा गेला, एवढंच इचारत्यात.’ अर्जदाराने हे टिपले नाही, कारण टॅबवर त्याला जागा नव्हती. पण मुले वाट बघत होती, हे अर्जदार शपथेवर सांगू शकते.

२. सहभागी क्र. ४१७ म्हणजे प्राची लखन राऊत, रा. निमगाव केतकी, ता. इंदापूर. तिच्या घरचे पानमळे आहेत. विड्याची पाने खुडायची, जुड्या बांधायच्या आणि बाजाराला धाडायच्या, हे घरचे काम. अभ्यासात आली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. संमतिपत्रावर तिची आई विजयमाला यांची सही आहे. वयाची अठरा पूर्ण झाल्यावर प्राचीने स्वतः नव्याने सही केली.

तिला पोलीस व्हायचे होते. अकरावीपासून ती रोज पहाटे कालव्याच्या रस्त्याने पळायची. पहिल्या चार फेऱ्यांत अर्जदार तिच्या घरी गेली की ती आधी आपली वेळ सांगायची, आठशे मीटर किती मिनिटांत, किती सेकंदांत. मग म्हणायची, ‘हां, इचारा आता तुमचं.’ वडिलांनी चौकटीला उभी करून शिंप्याच्या टेपने तिची उंची मोजली होती, ती एकशे पंचावन्न सेंटिमीटर भरली होती. तेवढीच लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती भरतीच्या मैदानावर गेली. तिथे एकशे साडेचोपन्न भरली. तिला पळायला मिळालेच नाही. बाजूला काढलेल्या मुलींच्या रांगेत तासभर उभी राहून ती एसटीने घरी आली.

पुढची फेरी जुलैची. त्या फेरीत तिने अर्जदाराला वेळ सांगितली नाही. झोप, भूक, कामात लक्ष, या प्रश्नांची उत्तरे एकेक पायरी खाली आली. ऑक्टोबरच्या फेरीत आणखी एक पायरी. अर्जदार खुणा करत गेली.

३. सातव्या फेरीस अर्जदार दि. १६ जानेवारी २०२५ रोजी निमगावला गेली. नववा प्रश्न असा आहे : ‘गेल्या दोन आठवड्यांत, आपण नसतो तर बरे झाले असते किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार किती दिवस आले?’ प्राचीने ‘निम्म्याहून जास्त दिवस’ असे सांगितले. अर्जदाराने नियमाप्रमाणे मदतवाहिनीचा क्रमांक असलेले लाल कार्ड तिच्या हाती दिले, डॉक्टरांना भेटावे असे छापील वाक्य वाचून दाखवले आणि संध्याकाळच्या आत पर्यवेक्षक श्री. ऋषिराज खलाटे यांना कळवले. ते म्हणाले, ‘नोंद झाली आहे, पुढच्या फेरीत बघू.’

निघताना विजयमालाबाई बाहेर आल्या. संक्रांत नुकतीच झाली होती. त्यांनी अर्जदाराच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, ‘प्वार हल्ली बोलत न्हाय वो कुनाशी. तुमच्याशी बोलती, तेवढंच बरं वाटतं.’ पाण्याखेरीज काही घ्यायचे नाही हा नियम आहे. अर्जदाराने तिळगूळ घेतला. त्यांना काही सांगितले मात्र नाही. यांतला कोणता नियमभंग मोठा, हे समितीने ठरवावे.

४. आठवी फेरी. दि. २२ एप्रिल २०२५, मंगळवार, दुपारचे दोन. घरात प्राची एकटी होती. आई शेजारच्या मळ्यात पाने खुडायला गेली होती, वडील पाने घेऊन बारामतीच्या मार्केट यार्डात गेले होते. प्राची ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. पाणी आणायला उठली नाही. ‘माठातलं घ्या तुमीच,’ म्हणाली.

आठ प्रश्न झाले. नवव्याला ती म्हणाली, ‘रोज.’

पर्याय पुन्हा वाचून खात्री करायची असते. अर्जदाराने ‘जवळजवळ रोज?’ असे विचारले. ती म्हणाली, ‘रोज म्हनलं की ताई. आज तर सकाळपासनं.’

खूण केली की टॅबवर आपोआप दहावा प्रश्न येतो : ‘या विचारांमुळे आपल्या दैनंदिन कामात किती अडचण येते?’ अर्जदाराने तोही वाचला. नियम मोडण्याआधी शेवटपर्यंत नियमच पाळला होता, हे समितीस कळावे म्हणून लिहिले. प्राची म्हणाली, ‘काय लिवायचं ते लिवा. जुलैत तुमी याल तवा मी नसनार.’

अर्जदाराने टॅब पालथा ठेवला. लाल कार्ड काढून पुढे केले. ती म्हणाली, ‘हे मागल्या बारीला दिलंवतं. आता दोन व्हतील माज्याकडं.’

‘फोन लाव. मी बसते इथं,’ अर्जदार म्हणाली.

‘फोनवर काय बोलू? कोन हाय तितं?’

अर्जदाराने विचारले, ‘काही आणून ठेवलंयस का?’ तिने ज्या बाजूला पाहिले तिथे अर्जदार उठून गेली. तिथे जे होते त्याचे नाव अर्जदार या कागदावर लिहीत नाही. ते तिने स्कूटीच्या डिकीत टाकले, कुलूप लावले आणि किल्ली मुठीत ठेवली. मग पर्यवेक्षकांना फोन लावला. समितीच्या नियम अकराप्रमाणे जिवाला धोका असेल तर समन्वयकाच्या लेखी परवानगीने घरच्यांना कळवता येते. श्री. खलाटे म्हणाले, ‘परवानगीसाठी मेल टाकतो. दोन दिवस लागतील. तोपर्यंत तुम्ही घरच्यांशी काही बोलू नका, बाहेर थांबा.’ ते वाईट माणूस नाहीत. त्यांच्यासमोरही नियम अकराच उघडा होता.

फोन ठेवला तेव्हा प्राची अर्जदाराकडे बघत होती. म्हणाली, ‘आईला सांगू नगा. तुमीच म्हनलावता, कुनाला सांगत न्हाय म्हनून.’

हे खरे आहे. संमतिपत्रात तसे आहे आणि अर्जदारानेच ते तिला वाचून दाखवले होते, दोन वेळा.

अर्जदार म्हणाली, ‘सांगणार. तुझ्यासमोर सांगणार, तुझ्यामागं नाही. मग तू मला काय वाटेल ते म्हण.’

‘तुमची नोकरी जाईल.’

‘जाऊ दे.’

हे अर्जदार शूरपणाने बोलली असे समितीने समजू नये. त्या वेळी दुसरे काही सुचले नाही, इतकेच. तिला एकटी सोडून आईला बोलवायला जाणे शक्य नव्हते. म्हणून अर्जदाराने तिचे मनगट धरले आणि दोघी बांधाबांधाने शेजारच्या मळ्याकडे निघाल्या. ऊन फार होते. प्राचीने पायात काही घातले नव्हते. निम्म्या वाटेत ती थांबली, तिला वाटले अर्जदार मनगट सोडेल. अर्जदाराने सोडले नाही. मग ती चालू लागली.

५. विजयमालाबाई पानवेलींच्या आत होत्या. हाक ऐकून बाहेर आल्या तेव्हा दोन्ही हात पानांच्या रसाने काळपट झाले होते. अर्जदाराने जे सांगायचे ते तीन वाक्यांत सांगितले. प्राची मान खाली घालून उभी होती. त्यांनी आधी मुलीकडे पाहिले, मग अर्जदाराकडे.

‘दोन वर्सं व्हत आली,’ त्या म्हणाल्या. ‘तुमी येताय, इचारताय, लिवून नेताय. सक्रांतीला तिळगूळ खाल्ला माज्या हातचा. तवा म्हाईत व्हतं व्हय तुमास्नी?’

‘होय,’ अर्जदार म्हणाली.

‘मंग?’

आपल्या ९ मे च्या पत्रात एकूण अकरा प्रश्न आहेत, त्यांत हा एक नाही. अर्जदाराने अकराही प्रश्नांची उत्तरे पाठवली. ज्याचे उत्तर द्यायला हवे होते तो हा बारावा.

विजयमालाबाईंनी पदराला हात पुसले. डोक्यावरचा रुमाल सोडून तिच्या उघड्या पायांखाली टाकला आणि म्हणाल्या, ‘यावर हुबी ऱ्हा. टेंपो बगते.’ शेजारच्यांच्या टेंपोतून तिघी बारामतीला डॉक्टरांकडे गेल्या. लखनराव यार्डातून परस्पर तिथे आले. त्यांना बाहेर बाकावर बसवून सगळे सांगितले. ते अर्जदाराला म्हणाले, ‘माज्या टेपनं तर भरलीवती वो ती पुरी.’

६. यानंतरचा भाग पत्रव्यवहाराचा आहे. तो अर्जदाराला नीट सांगता येईल असे वाटत नाही, तरी क्रमाने लिहिते.

त्याच संध्याकाळी अर्जदाराने अनिष्ट घटना नोंदीचा नमुना भरायला घेतला. त्यात घटनेचे तीन प्रकार आहेत : मृत्यू, रुग्णालयात भरती, कायमचे अपंगत्व. यांपैकी एकावर खूण केल्याशिवाय नमुना पुढे जात नाही. प्राचीला डॉक्टरांनी तपासून, गोळ्या देऊन, दर आठवड्याला यायला सांगून घरी पाठवले होते; भरती केले नव्हते. अर्जदाराने नमुन्याची कागदी प्रत काढली, खाली हाताने ‘चौथा प्रकार : वाचली’ असे लिहून त्यावर खूण केली आणि टपालाने पाठवली. ती परत आली. शेरा होता, ‘नमुन्यात स्वतःहून रकाना वाढवू नये.’

दि. २९ एप्रिलला नियम अकराखालील परवानगीचे उत्तर आले. त्यात म्हटले होते की, माहिती आधीच उघड झालेली असल्याने ती उघड करण्याची परवानगी देता येत नाही.

दि. ९ मे च्या पत्रात समितीने लिहिले की, प्रतिष्ठानच्या दफ्तरी दि. २२ एप्रिल रोजी कोणत्याही अनिष्ट घटनेची नोंद नाही. सबब अशी घटना घडलेली नाही. सबब सज्ञान सहभागीची गोपनीय माहिती तिच्या आईस देण्याचे कारण काय, याचा खुलासा करावा. अर्जदाराने खुलाशात नम्रपणे विचारले की, घटना नोंदवता यावी म्हणून ती घडेपर्यंत थांबायला हवे होते का? उत्तर आले, ‘काल्पनिक प्रश्नांना समिती उत्तर देत नाही.’

दि. १६ जूनच्या पत्राने अर्जदाराला कमी करण्यात आले, टॅब जमा करून घेण्यात आला आणि कोणत्याही सहभागीशी संपर्क साधल्यास कायदेशीर कारवाई होईल असे बजावण्यात आले. अर्जदाराची नोकरी परत द्यावी अशी तिची मागणी नाही. सध्या ती गावाजवळच्या एका रोपवाटिकेत डाळिंबाची कलमे करते. काम बरे आहे. रोपाला काही झाले तर पाणी द्यायला कोणाची लेखी परवानगी लागत नाही. अर्जदाराचे वडील जोतीराम भापकर रोज सांगतात, ‘कागदानं कागूदच वाडतो, पोरी. सोड आता.’ अर्जदारालाही सोडावेसे वाटते. तिला फार थकवा आला आहे. पण पुढच्या दोन गोष्टींमुळे सोडता येत नाही.

७. पहिली गोष्ट प्राचीची. जून अखेरीस तिच्या घरी प्रतिष्ठानचे पत्र गेले. ‘प्रिय सहभागी क्र. ४१७’ अशी सुरुवात होती. आपल्याला मधल्या काळात उपचार मिळाल्याने आपली माहिती अभ्यासाच्या निकषांत बसत नाही. सबब पहिल्या फेरीपासूनची आपली सर्व उत्तरे बाजूला काढण्यात येत आहेत. आपल्या अमूल्य योगदानाबद्दल आभार, असा मजकूर होता.

ते पत्र घेऊन प्राची एसटी बदलत एकटी लोणी भापकरला आली. अर्जदाराने संपर्क साधला नाही, ती आपण होऊन आली, याची कृपया नोंद घ्यावी. रोपवाटिकेच्या फाटकात उभी राहून म्हणाली, ‘म्हंजी पोलिसांनी पन बाजूला काडलं आन तुमी पन?’

अर्जदार म्हणाली, ‘मी नाही काढलं गं.’

‘तेच. मला ठावं हाय. पन मी आठ बारी खरं सांगितलंय. आईला खोटं सांगितलं, मैतरनींना खोटं सांगितलं, तुमाला खरं सांगितलं. त्ये कसं काय बाजूला काडत्यात?’

अर्जदाराने तिला सावलीत बसवले. चहा आणून दिला. दोघींनी अर्धा तास कलमांच्या पिशव्या भरल्या. बोलता बोलता ती म्हणाली की, गावातल्या पाच मुली भरतीसाठी पळतात, त्यांची वेळ ती घेते. त्यांतल्या एकीची उंची एकशे साठ आहे आणि ती मुलगी आळशी आहे, याचा तिला भारी राग येतो. प्राची बरी झाली असे अर्जदार लिहिणार नाही. तसे लिहिण्याचा तिला अधिकार नाही. ती उठते, जेवते, गोळ्या संपल्या की स्वतः जाऊन आणते, आणि तिला राग येतो. मागच्या वर्षी तिला रागही येत नव्हता.

तिची उत्तरे खरी होती. आठव्या फेरीचे उत्तर सगळ्यांत खरे होते. उपचार मिळाल्याने ते खोटे ठरत नाही. मुलगी वाचली म्हणून तिचे दुःख मोजणीतून वगळायचे आणि जी वाचणार नाहीत त्यांचे ठेवायचे, असा या निर्णयाचा अर्थ होतो. समितीला तसे म्हणायचे नसेल. पण निमगावात बसून ते पत्र वाचले की तोच अर्थ निघतो.

८. दुसरी गोष्ट अधिक तातडीची आहे. हिच्यासाठीच अर्जदार चौथ्यांदा लिहीत आहे.

आठव्या फेरीत अर्जदाराच्या साठ जणांपैकी प्राची सोडून आणखी पाच जणांनी नवव्या प्रश्नाला ‘अजिबात नाही’ सोडून दुसरे उत्तर दिले. त्यांतल्या दोघांचे उत्तर ‘जवळजवळ रोज’ असे होते. त्यांच्या भेटी मे महिन्याच्या उत्तरार्धात झाल्या. तोवर आपले ९ मे चे पत्र आले होते. अर्जदार घाबरली होती, हे ती येथे कबूल करते. तिने पाचही जणांना लाल कार्ड दिले, छापील वाक्य वाचले, पर्यवेक्षकांना कळवले आणि घरच्यांना काहीही सांगितले नाही. एप्रिलमध्ये जी चूक म्हणून तिच्यावर ठपका आला, ती तिने मे महिन्यात पाच वेळा टाळली. रोज म्हणणाऱ्या दोघांपैकी एक मुलगा फाटकापर्यंत सोडायला आला आणि त्याने विचारले, ‘ताई, जुलैत नक्की येताय न्हवं?’ अर्जदार ‘येते’ म्हणाली.

नवव्या फेरीचा जुलै गेला. ऑगस्ट संपत आला. अर्जदाराच्या जागी कोणी आलेले नाही. तिने श्री. खलाटे यांना तीनदा फोन केला. पद भरण्याची प्रक्रिया चालू आहे असे ते तिन्ही वेळा म्हणाले. तिसऱ्या वेळी हळूच म्हणाले, ‘सुकन्याताई, मलाही झोप लागत नाही. पण माझ्याकडे यादीत फक्त क्रमांक आहेत, घरं तुम्हाला माहीत.’ पत्ते असलेला टॅब पुण्यात कुलपात आहे.

या पाच जणांचे क्रमांक ३८८, ४०२, ४२९, ४३१ आणि ४४० असे आहेत. त्यांची नावे अर्जदार लिहीत नाही. गावेही लिहीत नाही, कारण लहान गावात गावाचे नाव सांगितले की माणूस सांगितल्यासारखाच असतो. गोपनीयता म्हणजे काय हे अर्जदाराला कळते. ती पाळायची कोणापासून आणि कोणासाठी, एवढेच तिला आपल्या पत्रांतून कळले नाही.

९. तरी विनंती की,

सहभागी क्र. ४१७ हिची आठही फेऱ्यांची उत्तरे अभ्यासात ठेवावीत व तसे तिला तिच्या नावाने पत्र द्यावे;

अनिष्ट घटनेच्या नमुन्यात वाचलेल्यांसाठी एक रकाना असावा;

आणि वरील पाच जणांच्या घरी रविवार दि. ३१ ऑगस्टच्या आत प्रतिष्ठानचे कोणीतरी माणूस जाऊन यावे. सोबत डॉक्टर असल्यास उत्तम, नसल्यास नुसते माणूस चालेल. पत्ते हवे असल्यास अर्जदार एका फोनवर सांगेल, हात जोडून सांगेल.

तसे न झाल्यास अर्जदार सोमवार दि. १ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी आठ वाजता लोणी भापकरहून स्कूटीने निघेल आणि दोन दिवसांत पाचही घरी जाईल. रोपवाटिकेतून तिने तशी सुट्टी मागून घेतली आहे. तिच्याकडे आता टॅब नाही, प्रश्नावली नाही, लाल कार्डे संपली आहेत. ती कोणालाही बेचाळीस प्रश्न विचारणार नाही. जुलैत येते म्हणाले होते, उशीर झाला, एवढे सांगून बसेल. जे ऐकेल ते, गरज पडली तर, त्याच्यासमोरच त्याच्या आईवडिलांना सांगेल. ती प्रतिष्ठानच्या नावाने गेली असे कोणी म्हणू नये म्हणून तिचे ओळखपत्र या अर्जासोबत परत करीत आहे.

कायदेशीर कारवाई करायची झाल्यास नोटीस लोणी भापकरच्या पत्त्यावर पाठवावी. घरी वडील असतात, ते सही करून घेतील.

या जाण्यासाठी परवानगी मागितलेली नाही. जाण्याआधी कळवावे, म्हणून कळवले आहे.

आपली, अजूनही नम्र,

(सही)
सुकन्या जोतीराम भापकर
लोणी भापकर, ता. बारामती
दि. २५ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) प्राची लखन राऊत हिची नाव लिहिण्यास लेखी संमती, साक्षीदार : विजयमाला लखन राऊत (आई)
२) परत आलेल्या तीन अर्जांच्या प्रती, शेऱ्यांसह
३) अनिष्ट घटना नोंदीच्या नमुन्याची कागदी प्रत, हाताने वाढवलेल्या रकान्यासह
४) अर्जदाराचे ओळखपत्र (मूळ)